सरावाचे प्रश्न

आईनं मुलाला ताट वाढावं आणि मुलानं "मावशी, जरा मीठ द्या" म्हणावं, ह्या गमतीला ती दोघं घरी येऊन पोटभर हसायची. तिथं मात्र हसू दिसू द्यायचं नाही. शिवणवर्गाच्या मागच्या ओट्यावर सुतार मांडी घालून बसायचा, अंगावर भुसा, भुवयांवर भुसा, आणि स्वयंपाकाची मावशी त्याच्यापुढं ताट ठेवून कुठल्याही मजुराला म्हणावं तसं म्हणायची, "आणखी भात घ्या." घ्या म्हणताना तिच्या ओठाचा एक कोपरा हलायचा. घरी ती त्याला "गिळ आता, गार होतंय" म्हणणारी बाई.

हे नाटक तिनंच रचलं होतं, आणि त्याला कारण तो उन्हाळा. त्या वर्षी ऊन असं पेटलं की शेतातलं उभं पीक कागदासारखं वाळलं. माणसांनी घरबांधणी अर्धी सोडली, नव्या दाराचं सोडाच, मोडकी खाट कोणी दुरुस्त करून घेईना. तिचा मुलगा घरामागच्या शेडमध्ये बसून हत्यारांना धार लावायचा. पटाशीला धार, रंध्याच्या पात्याला धार, पुन्हा पटाशीला धार. काम नसलं तरी दिवस मावळायच्या सुमाराला तो लाकूड तासायचं रंध्याचं मशीन लावायचा. चुलीपुढं बसून ती घरघर ऐकताना तिला पोराची कीव यायची. हाताची सवय मोडू नये म्हणून धडपडतंय बिचारं, असं ती शेजारणीला सांगायचीसुद्धा.

अशात शिवणवर्गात दारांचं काम निघालं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

शिवणवर्ग म्हणजे शिवणवर्ग नव्हताच. शेजारच्या गावाबाहेर, जुन्या धान्यगोदामात, रस्त्याकडच्या खिडकीशी दोन शिवणयंत्रं होती आणि बियाण्याच्या पिशव्या खरोखर शिवल्या जायच्या. पण मागच्या खोल्यांत राहत होत्या घरातला मार चुकवून निघालेल्या बायका. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हाताला पट्टी. गावाला हे ठाऊक नव्हतं आणि होऊ द्यायचं नव्हतं. सरकारच्या अनुदानाची ती पहिलीच अट होती: जागा कोणाला कळता कामा नये.

अटी काय कमी होत्या! मावशीच्या मते सरकार देतं ते खाष्ट सासूसारखं, आधी चार गोष्टी ऐकवायच्या, मग कनवटीला हात घालायचा. प्रत्येक खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी हवी. नवरा माग काढत तडजोडीला आला तर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, बाईलाही "जरा सांभाळून घे" म्हणायचं नाही. इथं काम करणाऱ्यांच्या नात्यागोत्यातल्या कोणाला काम द्यायचं नाही. आणि झाडणारीपासून स्वयंपाकिणीपर्यंत प्रत्येकीला, नव्यानं दारात आलेल्या बाईला काय विचारायचं, कसं विचारायचं, ते तोंडपाठ हवं, आणि ती काहीही सांगो, आपला चेहरा बदलायचा नाही. तपासणीच्या बाई येऊन परीक्षा घेणार. ह्यातलं काही चुकलं तर अनुदानाचा दुसरा हप्ता बंद, आणि तो बंद म्हणजे शिवणवर्गाला कुलूप.

नात्यागोत्याची अट मावशीनं ऐकली होती. ऐकून तिनं ती कानाआड केली. बाहेरून आलेल्या, गृहप्रमुख म्हणून नेमलेल्या ताईंना इथलं कोण कोणाचं ते कुठं माहीत होतं? "आमच्या बाजूला एक सुतार आहे, हात चांगला आहे," एवढंच ती म्हणाली. ताईंनी बोलावून घेतलं. त्यात खोटं काय होतं? सुतार बाजूलाच होता, बाजूच्या खाटेवर झोपत होता.

सुताराला पिशव्यांचंच सांगितलं होतं. पण तिसऱ्या दाराला कडी बसवताना तो घरी येऊन म्हणाला, "पिशव्या शिवायला आतून एवढ्या कड्या कशाला लागतात गं? नवरे टाकून आलेल्या बाया आहेत ना त्या?"

"चूप," ती म्हणाली. "कुठं बोललास तर याद राख."

"मला काय करायचंय? मजुरी मिळाली की झालं." आणि हसून त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं. पोरगी चार वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. सून पाणी भरत होती, तिनं मान वर केली नाही.

तो काम करत असेल तोवर आतल्या बायकांनी मागच्या खोलीत बसायचं असं ठरलं होतं. त्यांतली एक, जिच्या मनगटाला पट्टी होती, तिला मावशी पट्टीवालीच म्हणायची. त्याच्या भोकं पाडायच्या मशीनची घरघर सुरू झाली की ही पट्टीवाली भिंतीला पाठ लावून बसायची आणि जेवणाचं ताट तसंच ठेवायची. मावशी तिला म्हणाली, "अगं, साधा सुतार आहे. गरीब पोरगा आहे. खा." पट्टीवालीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं.

शेवटचं दार बसलं त्या दिवशी मुलगा बिजागऱ्यांचे उरलेले पैसे चुकते करायला बाजारात गेला. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. मावशी घरी आली ती प्रश्न पुटपुटतच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकवायला आलेल्या बाईंनी म्हणून दाखवलं ते ती ओव्या पाठ कराव्यात तसं करत होती, आणि ओवीत जसा मधलाच चरण निसटतो तसा तिचा प्रश्न निसटत होता.

सून ओसरीत शेंगा सोलत बसली होती. चिमणी शेळीच्या पिलामागं धावत होती. वारा पडलेला, भिंतीसुद्धा तापलेल्या.

"उद्या माझी फजिती होणार बघ," मावशी तिच्यापुढं बसकण मारत म्हणाली. "ह्या वयात परीक्षा! आमच्या शाळेनं माझं तोंड पाहिलं नाही आणि आता सरकार बघणार."

"मी बसते ना समोर," सून म्हणाली. "मी ती बाई. आत्ताच दारात आले. विचारा."

मावशीला कल्पना आवडली. तिनं मूठभर शेंगा आपल्यापुढं ओढल्या, घसा साफ केला. "ये बाई, बस. पाणी घे. तुला वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगूस. तू सांगशील ते ह्या दाराबाहेर जाणार नाही."

"बरोबर."

"तू बरोबर म्हणू नकोस, तू बाई आहेस." दोघी हसल्या. "हं. घरात तुझ्यावर कोणी हात उगारतं का?"

"होय."

"कोण?"

"नवरा."

"कधीपासून?"

"लेक पोटात होती तेव्हापासून."

मावशी खूश झाली. असं धडाधड पुढं सरकलं तर उद्याची काळजी नाही. "सोंग छान करतेस हं! त्या शिकवणाऱ्या बाईंनाही नव्हतं एवढं जमलं. कशानं मारतो?"

"हातानं. एकदा मोजायच्या पट्टीनं."

पोरीनं नाटकातही सुतारच घेतला, मावशीच्या मनात आलं. माणसाला घरातलंच उदाहरण सुचतं. सून शेंगा सोलत होती. दाणे एका भांड्यात, टरफलं दुसऱ्यात. आवाज भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं इतका सपाट.

"मुलांसमोर?"

"तिला बाहेर खेळायला पाठवतो. तो तिला फार जीव लावतो."

"मग..." इथं मावशीचा पुढचा प्रश्न निसटला. आठवेपर्यंत तिनं पदरचाच एक घातला. "मग घरात दुसरं कोणी नसतं का? कोणाला ऐकू येत नाही?"

"सासू असते. तिला ऐकू येत नाही. तो मशीन लावतो."

"कसलं मशीन?"

"रंध्याचं." सुनेनं हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले. "ये गं, फळी धरायला, म्हणतो. मी शेडमध्ये गेले की मशीन लावतो. मशीनवर लाकूड नसतंच. लाकूड नसलं की आवाज वेगळा येतो, आई. बारीक येतो. तुम्ही कधी ऐकला नाहीत?"

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं तो आवाज ऐकला होता. उन्हाळाभर ऐकला होता. चुलीपुढं बसून, भाजीत मीठ घालता घालता, लाकडाचा तुकडा न खाता फिरणारं ते मशीन तिनं कानभरून ऐकलं होतं आणि पोराची कीव केली होती. सुताराच्या घरात जन्म गेला तिचा, आधी नवरा सुतार, मग मुलगा. लाकूड लागलेलं मशीन आणि मोकळं मशीन ह्यांतला फरक तिला झोपेतही कळला असता. कळत होता. तिनं तो कळू दिला नव्हता. आणि तरीही तिच्या तोंडून जे निघालं ते हे:

"तू काही उलटून बोललीस का त्याला?"

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. "हा प्रश्न तुमच्यात नाहीये, आई."

पिलू ओरडत होतं, चिमणी त्याला समजावत होती.

"मला सांगितलं का नाहीस?" मावशी म्हणाली. आवाज तिचाच तिला ओळखू येईना.

"तुम्ही विचारलंत कुठं? आज विचारलंत, सांगितलं." सुनेनं डावा हात पुढं करून टरफलांचं भांडं सरकवलं. "शेवटचा राहिला तुमचा."

शेवटचा प्रश्न मावशीला आठवत होता. तो विचारायची तिची हिंमत होईना. पण सून वाट पाहत बसली, तेव्हा ती पुटपुटली, "आज तुला कुठं सुरक्षित वाटेल?"

"तुम्ही स्वयंपाक करता तिथं वाटलं असतं. तिथं कोण राहतं ते तुमच्या पुटपुटण्यातून मला कधीच कळलं होतं, मी जायचा विचारही केला होता. तुम्हाला सांगायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तिथं काम लागलं." ती थांबली. "पण तिथली दारं आता त्यानंच बसवलीत. तिथं त्याला तुम्हीच नेलंत."

मुलगा आला तो मोठ्यानं गाणं म्हणत. चिमणीसाठी त्यानं लाल फुगा आणला होता, तो तिथल्या तिथं फुगवून दिला. हातपाय धुताना आईला म्हणाला, "काय गं, झाली का पाठ तुझी पोपटपंची?" मावशी त्याच्या हातांकडं पाहत होती. नखात सरस वाळलेला, अंगठ्याला जुना काप. हेच हात धरून तिनं त्याला चालायला शिकवलं होतं. तोच हसरा चेहरा, तेच पाणी उडवत तोंड धुणं, आणि तिला वाटत होतं, कुठंतरी काहीतरी दिसायला हवं होतं. ह्या माणसाच्या अंगावर काही खूण का नाही?

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "मशीनला तेल घातलंय. जरा चालवून बघतो. ये गं, फळी धरायला."

सून उठली. ती रोज उठत असेल तशीच, गुडघ्याला हात लावून, घाई न करता उठली.

"तू बस," ती म्हणाली. "मी धरते."

"तू कशाला?"

"का? तुझ्या बापाला धरून देत होते की." आणि त्याच्याआधी ती शेडमध्ये जाऊन मशीनपुढं उभी राहिली. तो मागून आला. त्यानं बटण दाबलं, सवयीनं. मशीन बारीक आवाजात फिरायला लागलं. भिंतीला टेकून लाकडाची एकही फळी नव्हती. सगळं लाकूड शिवणवर्गाच्या दारांत गेलं होतं.

"फळी कुठाय?" मावशीनं विचारलं.

तो तिच्याकडं पाहत राहिला. ती त्याच्याकडं. त्या घरघरीत दोघांनाही बोलायची सोय नव्हती. मग त्यानं बटण बंद केलं, तोंडावरचं हसू तसंच ठेवून म्हणाला, "राहू दे. उद्या बघू," आणि बाहेर जाऊन चिमणीशी फुगा खेळायला लागला.

चुलीपाशी सून हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला कळवलंत, आई. आता मी तुम्हाला सांगितलंय हे त्याला कळलं." मावशीला वाटलं होतं आपण पोरीला वाचवलं. त्या रात्री सून तिच्या आणि चिमणीच्या मध्ये झोपली. झोपली कुठली, पडून राहिली.

सकाळी मुलगा उन्हाळ्याआधी दुरुस्त करून ठेवलेली एक खाट सायकलला बांधून पलीकडच्या गावाला पोचवायला निघाला. दिवसभराचा रस्ता. निघताना आईला म्हणाला, "नीट बोल तपासणीत. माझी राहिलेली मजुरी त्यावरच आहे." बायकोकडं पाहून नुसता हसला. म्हणाला, "संध्याकाळी येतोच."

तपासणीच्या बाई वयानं लहान निघाल्या, मावशीच्या सुनेएवढ्याच. सरकारी गाडीतून उतरल्या, घाम पुसला आणि सरळ खोल्या बघायला लागल्या. प्रत्येक दार लावून पाहिलं, कडी घालून पाहिली, बाहेरून खांदा देऊन ढकललं. दार हललं नाही. "काम फार छान झालंय," त्या म्हणाल्या. "कोणी केलं?"

"जवळचाच सुतार आहे," ताई आनंदानं म्हणाल्या. "मावशींनीच शोधून आणला."

मावशी हातात झारा घेऊन दारात उभी होती. झारा खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

"चला मावशी, तुमची परीक्षा," बाई हसून म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "मी आत्ताच दारातून आले. विचारा मला."

"ये बाई, बस," मावशी म्हणाली. "पाणी घे. तू सांगशील ते..." मागच्या खोलीच्या दारात पट्टीवाली उभी होती, तिच्यामागं आणखी दोघी, त्यांची मुलं. ह्यांचं छप्पर मावशीच्या पुढच्या वाक्यावर होतं. ती नुसते प्रश्न म्हणून मोकळी झाली तर ह्या सगळ्या इथं राहणार होत्या, ताईंची नोकरी राहणार होती, तिची भाकर राहणार होती, मुलाची अब्रू राहणार होती. एकटी सून तेवढी संध्याकाळी त्या शेडमध्ये जाणार होती.

"घरात तुझ्यावर कोणी हात उगारतं का?"

"हो, मारतो," बाई परीक्षेला बसलेल्या माणसासारख्या सहज म्हणाल्या.

"मशीन लावून मारतो का?"

"काय?"

"माझा मुलगा मशीन लावून मारतो," मावशी म्हणाली. "माझ्या सुनेला. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मोकळं मशीन लावतो. मला कालच कळलं. नाही, कळायचं आधीच होतं. आणि बाई, ही दारं त्यानंच केलीत. तो माझा मुलगा आहे. मी सांगितलं नाही. त्याला ही जागा माहीत आहे, इथं कोण राहतं ते माहीत आहे, कडी कशी बसलीय तेही माहीत आहे."

झाऱ्यातून तेलाचा थेंब फरशीवर पडला.

"तो तुमचा मुलगा?" ताईंचा आवाज चिरकला. "त्याला तुम्ही 'भात घ्या' म्हणायचात!"

तपासणीच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चेहरा बदलायचा नाही ही अट त्यांच्यानंही पाळवली नाही. "ही जागा आता चालणार नाही," त्या म्हणाल्या. "एका मारणाऱ्याला माहीत झाली म्हणजे झाली. सगळ्यांना आजच हलवावं लागेल. हप्ता थांबवावा लागेल, नवी जागा मिळेपर्यंत."

"पुन्हा?" पट्टीवाली म्हणाली. एवढंच. राग काही नव्हता त्यात. वळून ती मुलाचे कपडे गोळा करायला गेली आणि मावशीला वाटलं, हिनं दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आधी सुनेचं," बाई ताईंना म्हणाल्या. "ती घरात एकटी आहे? तो किती वाजता येतो?"

गाडीत मावशी मागं बसली. घर आल्यावर बाईंनी तिला बाहेरच थांबायला सांगितलं. जायचं की नाही हे सूनच ठरवणार, आणि ठरवताना सासू समोर नको, हीसुद्धा अटच होती. मावशी आपल्याच घराबाहेर उन्हात उभी राहिली. शेळी दावं ताणून तिच्याकडं बघत होती. आतून कुजबुज येत होती, शब्द कळत नव्हते. एकदा सून मोठ्यानं रडली आणि लगेच गप्प झाली. लग्न होऊन आल्यापासून तिला रडताना मावशीनं ऐकलं नव्हतं. आपली सून फार सोशीक म्हणून चारचौघींत ती मिरवायची.

सून बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला एक पिशवी होती आणि उजवा हात अंगाशी धरलेला. चिमणीच्या हातात फुगा.

"भात झाकून ठेवलाय," सून म्हणाली. मग वाकून पाया पडायला लागली, आणि मावशीनं तिला मध्येच धरलं. धरताना दंडाला बोटं लागली तशी सून कळवळली. मावशीनं बाही वर केली नाही. तिला बघवलं नसतं.

"आजी, तू पण चल ना," चिमणी गाडीतून म्हणाली.

"कुठं नेणार?" मावशीनं बाईंना विचारलं.

"ते सांगता येणार नाही, मावशी."

"मी आजी आहे तिची."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि गाडी निघाली. धूळ बसेपर्यंत मावशी रस्त्यात उभी होती.

उन्हं कलली तेव्हा मुलगा सायकल ढकलत आला. आत डोकावला, शेडमध्ये डोकावला, परत आला.

"कुठं गेली?"

"गेली."

"माहेरी?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" तो हसला. "आणि पोरगी?"

"तिलाही नेलं. सरकारी गाडीनं नेलं. मी सांगितलं त्यांना."

त्याचं हसू गेलं नाही, नुसतं रिकामं झालं. "तू? आई, तू सांगितलंस? बाहेरच्या माणसांना?" तो जमिनीवर बसला. मग म्हणाला, "बाबा तुला मारायचे, ते तू कोणाला सांगितलंस? शब्द नाही काढलास. म्हणून हे घर राहिलं. आणि मी काय असं जगावेगळं केलं?"

"तुला माहीत होतं?"

"दाराआड असायचो मी."

तिला वाटत होतं पोरगं झोपलेलं असायचं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिनं ओठ मिटून सगळं आपल्या अंगावर घेतलं, पोरापर्यंत काही पोचू दिलं नाही. नवरा मेला तेव्हा ते सगळं त्याच्याबरोबर जळालं असं समजून ती चार माणसांत मोठ्या तोंडानं त्याची आठवण काढायची. आणि पोरगं दाराआड उभं राहून शिकत होतं: मारलं तरी बाई बोलत नाही. ते त्याला शिकवलं होतं तिनंच.

"घर राहिलं नाही रे," ती म्हणाली. "तुला वाटतं राहिलं."

त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो उठला. ती नकळत एक पाऊल मागं सरली, आणि आपण सरलो हे तिच्या ध्यानात आलं. त्यानं ते पाहिलं. मग दमल्यासारखा भिंतीला टेकून म्हणाला, "वाढ. भूक लागलीय."

ती चुलीपाशी गेली. सवयीनं ताट घेतलं, सवयीनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ कधीच गेली होती. तिनं झाकण परत ठेवलं, ताट ठेवलं आणि त्याच्या अंगावरून, त्याला स्पर्श होणार नाही अशी, बाहेर येऊन पायरीवर बसली. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बेतानं ती बसली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

शेजारीण शेतावरून परतत होती, डोक्यावर वाळल्या चाऱ्याचा भारा.

"काय गं, अशी बाहेर बसलीस?"

"आत उकडतंय," मावशी म्हणाली. शेजारीण दोन पावलं पुढं गेली, तेव्हा तिनं हाक मारली. "अगं, नाही. उकडत नाहीये. मला माझ्या पोराची भीती वाटते."

शेजारणीनं भारा उतरवून ठेवला. आत एकदा पाहिलं आणि ती पायरीवर तिच्या शेजारी टेकली.

"सून?" तिनं हळूच विचारलं.

"तिला नेलं. सोडवून नेलं. तो मारत होता तिला, उन्हाळाभर. उन्हाळाभर कसलं! लेक पोटात होती तेव्हापासून. माझ्या घरात, आणि मला..."

शेजारणीनं नवल केलं नाही. कोण, कधी, कसं, काहीच विचारलं नाही. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"विहिरीवर तिला उजव्या हातानं घागर उचलायची नाही," ती शेवटी म्हणाली. "आम्ही बाया उचलून द्यायचो. आम्हाला वाटायचं, तुला माहीत आहे."